काचपट्टी आधी, थेंब नंतर

दिवाळी संपून आठवडा-दोन आठवडे झाले की परळच्या माझ्या ओपीडीत एक ठरावीक पेशंट येतो. राहायला लालबाग, काळाचौकी नाहीतर भांडुप. गाव माणगाव, महाड, पोलादपूरकडचं. सणाला गावी गेला, भावाबरोबर भात झोडायला उभा राहिला आणि डोळ्यात कुसळ गेलं. म्हणीमुळे हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, पण भाताचं कुसळ प्रत्यक्ष भिंगाखाली पाहा. त्याला करवतीसारखे बारीक दाते असतात. ते बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर (कॉर्नियावर), ओरखडा काढतं आणि सोबत शेतातली बुरशी त्या ओरखड्यात पेरून जातं. बुरशीने झालेल्या बुबुळाच्या जखमेचं पहिलं वर्णन थिओडोर लेबर यांनी १८७९ मध्ये जर्मनीत केलं. तो पेशंटही मळणी करताना डोळ्याला मार लागलेला शेतकरीच होता.

गावातली बाई जिभेने कण काढून देते, कोणी मध घालतं, कोणी तुळशीचा रस. मुंबईला परतल्यावर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून थेंब आणले जातात. त्यानंतर मला जे वाक्य ऐकायला मिळतं, ते मी केसपेपरावर जसंच्या तसं लिहून ठेवते: ‘मॅडम, चार दिवस बरं वाटलं, मग वाढलं.’ हे वाक्य ऐकलं की त्या थेंबांची बाटली मागा. लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन किंवा लोटेप्रेडनॉल यापैकी काही असेल तर पेशंटच्या डोळ्यात स्टेरॉइड गेलं आहे. स्टेरॉइडने लाली उतरते, दुखणं कमी होतं, म्हणून बरं वाटतं. बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं.

मी हे मुख्यतः कल्याण, विरार, पनवेलला नव्याने दवाखाना थाटलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी लिहिते आहे, कारण हा पेशंट आधी तुमच्याकडे येतो, माझ्याकडे पंधरा दिवसांनी. फॅमिली डॉक्टरांनी आणि पेशंटच्या घरच्यांनीही वाचावं. पण घरच्यांनी यातलं कुठलंही औषध आपल्या मनाने सुरू करू नये. तुमच्या हातात एकच मोठं काम आहे: डोळा वेळेत स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डॉक्टरांच्या डोळे तपासायच्या दुर्बिणीखाली, नेणं.

विचारायचं काय

नुसतं ‘काही लागलं होतं का?’ विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतात. तपशिलाने विचारा. गावी गेला होतात का? गवत कापलंत, पेंढा रचलात, नारळ सोललात? बाइकवर हेल्मेटची काच वर होती? काम सुतारीचं की ग्राइंडरचं? विहिरीत, तळ्यात, नदीत पोहलात? कॉन्टॅक्ट लेन्स घालता का, डबी नळाच्या पाण्याने धुता का? २००६ मध्ये सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांमध्ये फ्युजेरियम बुरशीची साथच आली होती. त्यामुळे शेताशी संबंध नाही म्हणून बुरशी नाही, असं गृहीत धरू नका. आणि मधुमेह विचारा. माहीत नाही म्हणाले तर तिथेच बोट टोचून साखर बघा.

बघायचं काय

बुरशीच्या जखमेत डोळ्याची अवस्था जितकी वाईट दिसते, तितकं पेशंट दुखण्याबद्दल बोलत नाही. निदान सुरुवातीला तरी. जिवाणूची जखम ओली, पू वाहणारी असते आणि ती दिवसागणिक नव्हे, तासागणिक पसरते. बुरशीची जखम कोरडी, किंचित उंचावलेली, करड्या-पांढऱ्या रंगाची दिसते. तिच्या कडा पिसासारख्या असतात, जणू ओल्या कागदावर शाईचा थेंब पडून फुटला आहे. मुख्य डागाजवळ सुटे छोटे ठिपके असतील तर संशय आणखी बळावतो. आतल्या बाजूला जाड पांढरा थर आणि तळाशी दाट, न हलणारा पू दिसू शकतो. डागावर तपकिरी-काळसर खपली असेल तर कर्व्ह्युलारियासारखी रंगीत बुरशी मनात आणा. तिचा वेग कमी असतो.

फ्लुओरेसिन (जखम रंगवून दाखवणारा रंग) लावून निळ्या उजेडात जखमेची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, पुवाची उंची मोजा, पेपरावर चित्र काढा. तुमचं चित्र वाकडं आलं तरी चालेल. चार दिवसांनी ‘बरं वाटतंय की नाही’ या प्रश्नाचं उत्तर तेच देणार आहे.

आणि एवढं सगळं पाहून झाल्यावरही निदान झालं असं समजू नका. डोळ्याने बघून बुरशी ओळखण्यात अनुभवी माणसंही चुकतात, मी चुकलेली आहे. जखम खरवडून काचपट्टीवर बघितल्याशिवाय पहिला थेंब घालायचा नाही.

खरवडणं

पुष्कळ नवे डॉक्टर इथेच कचरतात आणि ‘परळला दाखवा’ म्हणून चिठ्ठी देतात. लोकलच्या गर्दीत एक डोळा झाकून तो माणूस येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात, आणि मधल्या काळात काहीतरी थेंब चालूच असतात. लागतं काय तर डोळा बधिर करणारा प्रोपॅराकेनचा थेंब, पंधरा नंबरचं ब्लेड, स्वच्छ काचपट्ट्या, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडची बाटली आणि साधा मायक्रोस्कोप.

पेशंटला आधी सांगा की दुखणार नाही, फक्त काहीतरी जवळ आल्यासारखं वाटेल, समोरच्या दिव्याकडे बघत राहा. मदतनीस ताईंना डोकं मागून धरायला सांगा. थेंब घालून दोन मिनिटं थांबा. वरवरचा सुटा चिकट थर आधी कापसाच्या काडीने टिपून टाका, त्यात बुरशी क्वचितच मिळते. मग ब्लेड आडवं धरून जखमेच्या कडा आणि तळ खरवडा. कडेला जिवंत बुरशी जास्त असते. मध्यभागी बुबुळ पातळ झालं असेल तर तिथे हात लावू नका. निरोगी बुबुळ मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जाड असतं, आणि इथे तर त्यातलंही निम्मं कुजलेलं असू शकतं. खरवडताना हाताला जाणवतं: बुरशीचा थर चामट लागतो, जिवाणूचा मऊ सुटून येतो.

ब्लेडवर जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढा ऐवज येतो, तो वाटून वापरायचा. एक काचपट्टी पोटॅशियम हायड्रॉक्साइडसाठी, दुसरी जिवाणू दाखवणाऱ्या ‘ग्रॅम’ रंगासाठी, तिसरी राखून ठेवायची. नंतर पुन्हा खरवडून ब्लड अगार आणि साबुरो अगार या जंतू वाढवायच्या प्लेटांवर इंग्रजी सी अक्षराच्या आकारात रेघा ओढा. सी आकार अशासाठी की रेघेवर उगवलं ते डोळ्यातलं, रेघेबाहेर उगवलं ते हवेतलं. साबुरो मागवताना सायक्लोहेक्झिमाइड नसलेलंच मागवा. त्वचेच्या बुरशीसाठी ते घालतात, पण डोळ्यातल्या फ्युजेरियमची वाढ त्याने दबते. बुरशीची प्लेट २५ ते ३० अंशांना ठेवा आणि दोन-तीन आठवडे फेकू नका. लॅबला हे फोनवर न सांगता फॉर्मवर लिहून द्या.

आता पहिली काचपट्टी. नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब घाला, वर कव्हर स्लिप ठेवा, पाच-दहा मिनिटं थांबा. घाई केली तर पेशी विरघळत नाहीत आणि सगळं धूसर दिसतं. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली घ्या, उजेड कमी करा. भगभगीत उजेडात बुरशी अक्षरशः दिसेनाशी होते. आधी दहाच्या भिंगाने पूर्ण पट्टी फिरा, मग चाळीसच्या. बारीक, दोन्ही कडा समांतर असलेले, मध्ये पडदे असलेले, फांद्या फुटलेले तंतू दिसले की बुरशी. अंकुर फुटलेल्या गोल पेशी दिसल्या तर कँडिडा. दुहेरी भिंतीची, आतली भिंत कोनदार असलेली गोळी दिसली तर ती बुरशी नव्हे, अकँथअमीबा हा एकपेशीय जीव. त्याचं औषध निराळं. फसवतात ते कापसाचे धागे आणि काचेवरचे ओरखडे. धागा जाड, पिळाचा असतो आणि त्याला फांदी नसते. ओरखडा फोकस हलवला तरी पेशींसोबत हलत नाही. माझ्या टेबलाच्या खणात एका पट्टीवर मुद्दाम कापसाचा धागा ठेवलेला आहे, नव्या मुलांना आधी तोच दाखवते.

पट्टीत काही सापडलं नाही आणि जखम वाढते आहे, तर पुन्हा खरवडा. तरीही नाही, तर बुबुळाचा छोटा तुकडा तपासायला पाठवा. जिथे कॉन्फोकल मायक्रोस्कोप आहे तिथे खोलवरचे तंतू न खरवडताही दिसतात.

माझी चूक

मी रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, असतानाची गोष्ट. पावसाळ्यात गावच्या तळ्यात पोहून आलेला विशीतला मुलगा. पट्टीत तंतू स्पष्ट दिसले. जरा रुंद होते, फितीसारखे, पडदे फारच कमी. मी पेपरावर ‘बुरशी’ लिहिलं आणि बुरशीवरचं औषध नॅटामायसिन सुरू केलं. प्लेटवर दोन दिवसांत सपाट, रंगहीन वाढ आली. तिला बीजाणू धरत नव्हते, म्हणून रिपोर्ट आला: ओळख न पटलेली बुरशी. तीन आठवडे मी तेच औषध वाढवत राहिले. डागाच्या कडेने सोंडांसारख्या रेषा बुबुळाच्या काठाकडे निघाल्या होत्या, आजूबाजूला बारीक ठिपके होते. मला ते दिसत होतं आणि त्याचा अर्थ कळत नव्हता. बुबुळ बदललं, नव्या बुबुळातही तेच आलं. तो डोळा गेला.

तो जीव पिथियम इन्सिडिओसम होता. दिसायला हुबेहूब बुरशी, पण तो बुरशीच्या कुळातला नाही, पाण्यातल्या शैवालांच्या जवळचा आहे. आपली बुरशीवरची बहुतेक औषधं एर्गोस्टेरॉल या घटकावर चालतात. नॅटामायसिन त्याला जाऊन चिकटतं, व्होरिकोनॅझोल तो तयार होऊ देत नाही. पिथियमच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नसतंच. औषध कितीही ओता, त्याला पकडायला जागाच नाही.

म्हणून राखून ठेवलेली ती तिसरी काचपट्टी. रुंद, विरळ पडद्यांचे तंतू दिसले, किंवा पाणी-तळ्याची हकीकत आहे, किंवा नॅटामायसिनवर आठवड्यात उलट वाढ झाली, तर त्या पट्टीवर आयोडीन-पोटॅशियम आयोडाइड आणि त्यानंतर सल्फ्युरिक आम्ल वापरून रंग करा. पिथियमच्या भिंतीत सेल्युलोज असतं, ते निळसर-काळं होतं. खरी बुरशी पिवळी-तपकिरीच राहते. खर्च किरकोळ, वेळ काही मिनिटांचा.

पिथियम निघालं तर उपचार जिवाणूवरच्या औषधांनी: लिनेझोलिड ०.२ टक्के थेंब दर तासाला (शिरेतून द्यायची बाटलीच मिलिलिटरला २ मिलिग्रॅमची असते, म्हणजे तेवढ्याच ताकदीची), अॅझिथ्रोमायसिनचे १ टक्के थेंब किंवा मलम, आणि पोटातून अॅझिथ्रोमायसिन. आणि बुबुळ बदलण्याचा निर्णय लवकर, डाग काठाला पोचण्याआधी, निरोगी भाग बऱ्यापैकी सोबत घेऊन. इथे ‘अजून आठवडाभर बघू’ म्हणू नका.

खरी बुरशी निघाली तर

फ्युजेरियम असो की अॅस्परजिलस, पहिलं औषध नॅटामायसिन ५ टक्के. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांतल्या पेशंटांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोलच्या थेंबांपेक्षा सरस ठरलं, फ्युजेरियममध्ये तर ठळकपणे. नवं आणि महाग म्हणून व्होरिकोनॅझोलने सुरुवात करू नका. पहिले दोन दिवस दर तासाला, जखम मोठी असेल तर रात्रीही. मग जागेपणी दर तासाला, उतार दिसला की दर दोन तासांनी.

हे औषध पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगत असतं आणि बाटली ठेवली की तळाशी बसतं. वरळीच्या एका काकूंचा डोळा दहा दिवस नियमित थेंब घालूनही सुधारत नव्हता. सूनबाई मोबाइलवर अलार्म लावून एकही वेळ न चुकवता थेंब घालत होती. बाटली मागवून उजेडात धरली तर तळाला पांढरा साका, वर नितळ पाणी. दहा दिवस डोळ्यात ते पाणीच गेलं होतं. आता मी प्रत्येकाला माझ्यासमोर बाटली हलवून एक थेंब तळहातावर पाडायला लावते. थेंब दुधासारखा पांढरा पडला पाहिजे. तुम्हीही चिठ्ठीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा: ‘प्रत्येक वेळी बाटली जोरात हलवा.’ दुसरा थेंब घालायचा असेल तर मध्ये पाच मिनिटं. आणि जखमेवर औषधाचा पांढरा लेप साचतो, तो पाहून डाग वाढला असं घाबरू नका, ओल्या काडीने टिपून मग मोजा.

नॅटामायसिन आत फार खोल शिरत नाही. म्हणून एक-दोन दिवसांआड जखमेवरचा थर हलकेच खरवडून काढला तर औषध पोचायला मदत होते. कँडिडा असेल तर अँफोटेरिसिन ०.१५ टक्के. ५० मिलिग्रॅमच्या कुपीत १० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घाला, त्यातलं ३ मिलिलिटर घेऊन आणखी ७ मिलिलिटर पाण्यात मिसळा. सलाइन वापरलंत तर औषधाचा साका बसतो आणि ते वाया जातं. बाटलीला कागद गुंडाळून फ्रिजमध्ये. खोल जखमेत व्होरिकोनॅझोल १ टक्के थेंब जोडीला द्या: २०० मिलिग्रॅमची कुपी २० मिलिलिटर झाली की तेवढंच होतं. पोटातून गोळ्या दिल्या तर यकृताच्या तपासण्या करा.

सोबत होमॅट्रोपिन किंवा अॅट्रोपिन, म्हणजे आतली ओढ आणि दुखणं कमी होतं. डोळ्याचा दाब वाढला असेल तर टिमोलॉल. पट्टी बांधू नका. स्टेरॉइड एक थेंबही नाही, लाली कितीही असो आणि नातेवाईक कितीही मागे लागोत.

उतार मंद असतो, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर चौथ्या दिवशी ते डॉक्टर बदलतात आणि नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सुरू होतं. बरं होण्याची खूण म्हणजे पिसासारख्या कडा बोथट, गोलसर होणं, सुटे ठिपके विरणं, पुवाची उंची उतरणं. जखम वरून भरली तरी औषध लगेच बंद करू नका, काही आठवडे कमी करत न्या. भोक पडलं आणि ते बारीक असेल तर वैद्यकीय डिंक (ग्लू) लावून वर लेन्स बसवता येते. मोठं असेल किंवा औषधाला दाद नसेल तर बुबुळ बदलणं. यासाठी अगदी नितळ बुबुळच लागतं असं नाही, आधी डोळा वाचवायचा असतो. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं, ते एवढ्यासाठीही सांगत राहा.

पावसाळ्यातला पाहुणा

जून ते सप्टेंबर मुंबईत आणखी एक प्रकार दिसतो, त्याला घाबरायचं नसतं, फक्त ओळखायचं असतं. चिखलात फुटबॉल खेळलेला मुलगा, तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेला माणूस. एक डोळा लाल, खुपतो, पाणी येतं. सगळे म्हणतात ‘डोळे आलेत’. स्लिट लॅम्पखाली बुबुळावर जाडसर, उंचावलेले, वरून चिकटवल्यासारखे ठिपके दिसतात. हे मायक्रोस्पोरिडिया, बुरशीचे अगदी जवळचे नातेवाईक. सिंगापूरमध्ये रग्बी खेळणाऱ्यांत हे आढळलेलं आहे. हलकेच खरवडून पट्टी केली की अंडाकृती बारीक बीजाणू दिसतात, सौम्य आम्लाच्या झील-नील्सन रंगात लालभडक. अश्रूंसारखे थेंब पुरतात, बहुतेकदा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. इथेही साथीचे डोळे समजून स्टेरॉइड दिलं की दुखणं लांबतं.

उरलेल्या दोन गोष्टी थोडक्यात, कारण त्या दवाखान्यात सांभाळायच्या नाहीतच. साखर वाढलेली आहे, गाल बधिर आहे, पापणी पडली आहे, डोळा हलत नाही, नाकात काळी खपली आहे: २०२१ मध्ये सगळ्यांनी ऐकलेली काळी बुरशी. त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना फोन करून पाठवा. दुसरी, सलाइन किंवा दीर्घ आजारपणानंतर नजर हळूहळू धुरकट होणं आणि आत कापसासारखे पांढरे पुंजके दिसणं. ही आतली कँडिडा, रेटिनाच्या डॉक्टरांकडे द्या.

लालबागच्या ज्या पेशंटवरून सुरुवात केली, तसे एक काका गेल्या वर्षी आठ आठवड्यांनी मोकळे झाले. बुबुळावर धुरकट फूल राहिलं, पण वाचता येतं. त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी झोडणीला जाऊ का? मी जा म्हटलं, आणि सांगितलं ते इथेही लिहिते. नागदेवी स्ट्रीटवर ग्राइंडरवाले घेतात तो बाजू झाकलेला पारदर्शक चष्मा घ्या, भावालाही एक न्या. कुसळ गेलंच तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा, जीभ-पदर काही लावू देऊ नका, आणि लगेच तालुक्याला डॉक्टरांना दाखवा. नुसता ओरखडा असेल तर ते क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम देतील. नेपाळमध्ये भक्तपूरला असे ओरखडे उठलेल्या ज्या लोकांनी १८ तासांच्या आत ते लावलं, त्यांच्यातल्या एकालाही जखम चिघळली नाही. दुसऱ्या दिवशीही खुपत असेल तर भात खळ्यावर तसंच राहू दे, एसटी पकडा.